पवनचक्की प्रकल्प सुरू करताय? आधी वारा मोजा

सिन्नरच्या पठारावर पवनचक्क्या उभारायचा विचार आहे ना? पावसाळ्यात तिथे वाऱ्याने उभं राहवत नाही, एवढ्यावरच जागा पक्की करू नका. आपल्याकडे आषाढातला वारा नवख्यांना हमखास भुलवतो. मास्ट (वारा मोजायची उपकरणं लावलेला उंच खांब) उभारून किमान १ पूर्ण वर्ष मोजा, हिवाळ्याचे आकडे हातात येऊ द्या. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली ताकद ८ पट होते, त्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी सगळा हिशेब कोलमडतो.

मग या दोन गोष्टी तपासा:
- सातबारा: वाटण्या, इतर हक्क, वनजमीन.
- रस्ता: मोठ्या टर्बाइनचं पातं ५० मीटरहून लांब असतं. वळणावर ट्रेलर वळेल का, स्वतः जाऊन बघा. वीज जिथे द्यायची ते सबस्टेशन किती लांब, तेही.

टर्बाइनचं मॉडेल आत्ताच निवडू नका. तुमची धडपड योग्य दिशेने चालली आहे. मास्टचे आकडे आले की जरूर विचारा.