बॉक्समध्ये ७२० ठेवू की १०८०?

प्रश्न : आमच्याकडे ४३ इंची फुल एचडी टीव्ही आहे. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत ५७६आय, ७२०पी, १०८०आय असे पर्याय आहेत. कोणता निवडू? शिवाय क्रिकेटचा स्कोअर कडेला अर्धवट कापला जातो. — एक गृहिणी, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, १०८०आय ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक एचडी वाहिन्या त्याच स्वरूपात येतात. चित्र १९२० × १०८० ठिपक्यांचं, पण ‘आय’ म्हणजे ओळी एकाआड एक : आधी विषम, मग सम. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं येतात आणि तुमचा टीव्ही ती जुळवतो. ‘पी’मध्ये अख्खं चित्र एकदम येतं, मात्र ७२०पी म्हणजे १२८० × ७२० ठिपकेच.

पंचवटीत आईकडे ३२ इंची जुना ‘एचडी रेडी’ टीव्ही आहे, १३६६ × ७६८ चा. त्याला ही जुळणी नीट जमत नाही. धावणाऱ्या खेळाडूच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसायचे. एका सामन्यात दोन्ही सेटिंग्ज लावून पाहिली आणि तिथे ७२०पीच ठेवलं. टीव्ही बघून ठरवायचं ते असं.

स्कोअर कापला जातो तो रिझोल्यूशनमुळे नाही. पिक्चर ट्यूबच्या काळापासून टीव्ही कडा थोड्या झाकतात. टीव्हीच्याच मेनूत चित्राच्या आकाराखाली ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

आणि हो, मागची वायर आधी बघा. लाल-पांढरी-पिवळी असेल तर एचडी चित्र येणारच नाही, एचडीएमआयच हवी.