एकाच टेम्प्लेटने लावलेल्या लिनक्स सर्व्हरांपैकी काहींनाच नेटवर्क का येत नाही?

तुमची अडचण अशी दिसते: पीएक्सईवरून (मशीन नेटवर्कवरून बूट करण्याची सोय) उबुंटू लिनक्सचे सर्व्हर आपोआप लावले, इन्स्टॉलेशन सगळ्यांवर सुरळीत झालं, पण रीबूटनंतर काही मशीनना आयपीच मिळत नाही. कॉन्फिग तर सगळीकडे एकच. माझ्या मते दुखणं तिथेच आहे. कॉन्फिग एकच आहे, मशीन मात्र तंतोतंत एकसारखी नाहीत.

इन्स्टॉलर नेटवर्कवरूनच आला, म्हणजे केबल आणि व्हीलॅन (स्विचवर पाडलेले नेटवर्कचे कप्पे) बऱ्यापैकी ठीक आहेत. तेव्हा स्विचवाल्यांशी भांडण्याआधी रिमोट कन्सोलवरून लॉगिन करा, ‘आयपी लिंक’ (मशीनमधली नेटवर्क कार्डं दाखवणारी कमांड) चालवा आणि नेटप्लॅनची, म्हणजे उबुंटूत नेटवर्क लावणाऱ्या साधनाची, यॅमल फाइल शेजारी उघडून कार्डांची नावं अक्षर न् अक्षर जुळवून बघा. मला हे बऱ्याचदा दिसलंय: फाइलमध्ये ‘ईएनपी१एस०एफ०’ आणि मशीनवर ‘ईएनपी१एस०एफ०एनपी०’. काही कार्डांचे नवे ड्रायव्हर कर्नलला (लिनक्सचा गाभा) पोर्टचं नाव कळवतात आणि सिस्टमडी (बूट आणि सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) ते शेपूट म्हणून जोडतो. इन्स्टॉलरचा कर्नल जुना आणि डिस्कवर बसलेला नवा असला की रीबूटनंतर नाव बदलतं. नेटप्लॅन यावर चकार शब्द काढत नाही. त्या नावाचं कार्ड कधीतरी येईल असं धरून चालतो. तुम्हाला दिसतं ते फक्त बूट होताना ‘वेट-ऑनलाइन’ या नेटवर्कची वाट बघणाऱ्या सर्व्हिसवर दोन मिनिटं अडकणं. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) ‘रीनेम्ड फ्रॉम’ शोधा, कोणतं नाव कशाचं झालं ते तिथे मिळतं.

कर्नल तोच असेल तर फर्मवेअरकडे, म्हणजे बायॉसकडे बघा. २०१३ मध्ये सिस्टमडी १९७ पासून कार्डांची नावं जागेवरून ठरायला लागली: बायॉसने ऑनबोर्ड क्रमांक दिला तर ‘ईएनओ’, स्लॉट सांगितला तर ‘ईएनएस’, नाहीतर पीसीआय बसवरून (कार्डं मदरबोर्डला जोडणारी वाट) ‘ईएनपी’. म्हणून बायॉसची आवृत्ती वेगळी असली, किंवा एखाद्या मशीनमध्ये जास्तीचं कार्ड खोचून बस क्रमांक सरकला, तरी नाव बदलू शकतं. खरेदीच्या कागदावर मात्र सगळी मशीन सारखीच!

उपाय एकच, नावावर विसंबू नका. यॅमलमध्ये ‘मॅच’खाली मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) द्या आणि ‘सेट-नेम’ने स्वतःचं नाव लावा, उदाहरणार्थ ‘लॅन०’. नाव १५ अक्षरांच्या आत हवं, आणि ‘ईटीएच०’ ठेवू नका, कर्नलच्या स्वतःच्या नावांशी टक्कर होते. मॅक शोधत बसायचीही गरज नाही. पीएक्सलिनक्समध्ये (पीएक्सईसाठीचा बूटलोडर) ‘आयपीअपेंड २’ दिलं की ज्या कार्डावरून बूट झालं त्याचा मॅक ‘बूटआयएफ’ म्हणून कर्नलच्या कमांडलाइनवर येतो. त्याच्या सुरुवातीचं ‘०१-’ काढा, डॅशच्या जागी कोलन घाला, झालं. कुणी ‘नेट.आयएफनेम्स=०’ सुचवेल, म्हणजे परत ‘ईटीएच०’सारखी जुनी नावं. एका कार्डाच्या व्हीएमवर (आभासी मशीन) ते चालतं. दोन कार्डं आली की कोण आधी उठेल याची शाश्वती नाही.

सर्व्हर तयार इमेजवरून लावत असाल तर आणखी एक खोड असते. नावं बरोबर, आयपीही मिळतो, पण दोघांना एकच! इमेजमध्ये मशीन-आयडी (मशीनची ओळख ठेवणारी फाइल) तसाच राहिलेला असतो, आणि सिस्टमडीचाच नेटवर्क सांभाळणारा भाग, सिस्टमडी-नेटवर्कडी, त्यावरूनच डीएचसीपीला (आयपी वाटणारा सर्व्हर) आपली ओळख सांगतो. इमेज बनवताना ती फाइल रिकामी करा, उडवू नका. जोडीला ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर’ मॅकवर ठेवा.

वर ‘बऱ्यापैकी’ म्हटलं ते एसटीपीमुळे, म्हणजे स्विच नेटवर्कमध्ये चक्र होऊ नये म्हणून वापरतात त्या स्पॅनिंग ट्रीमुळे. ड्रायव्हर लोड होताना लिंक पडून परत उठते आणि जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री मग पोर्ट सुमारे ३० सेकंद अडवून धरतो. त्यामुळे आयपी येतो, पण उशिरा, आणि तोवर आधी सुरू झालेल्या सर्व्हिस कोसळलेल्या असतात. सर्व्हरचे पोर्ट एज पोर्ट (न थांबता लगेच सुरू होणारे) करायला सांगा.

दुरुस्ती करताना ‘५०-क्लाउड-इनिट’ या फाइलला हात लावू नका, क्लाउड-इनिट (बूट होताना मशीनची सुरुवातीची मांडणी करणारं साधन) ती पुन्हा लिहू शकतो. आधी त्याचं नेटवर्क कॉन्फिग बंद करा, मग जुनी फाइल काढून स्वतःची ठेवा. दोन्ही राहिल्या तर नेटप्लॅन त्या एकत्र करतो आणि जुनं नाव तसंच लटकत राहतं. शेवटी ‘नेटप्लॅन ट्राय’ चालवा. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर बदल आपोआप मागे फिरतात.