मुलांच्या मापाचं गोल्फ मैदान : वाचकांचे प्रश्न

कोल्हापूरला लहान मुलांसाठी आखूड गोल्फ मैदान व्हायला हवं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. सहा किंवा नऊ होल (पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू घालायच्या खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा म्हणजे होल), एकही होल शंभर मीटरच्या वर नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळलं तरी तासाभरात आटोपावं, अशी ती कल्पना होती. त्यावर बरीच पत्रं आली. जमिनीबद्दलची जास्त आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

मोरेवाडीच्या पुढे आम्हा भावांची मिळून आठ एकर माळाची जमीन आहे. उतार आहे, वरच्या अंगाला मुरूम लागतो, ऊस येत नाही. तिथं नऊ होलचं मैदान बसेल का?
(एक वाचक, करवीर तालुका)

ओढूनताणून बसेल, पण मी सहाच करा म्हणेन. अमेरिकेत पाइनहर्स्टला २०१७ साली 'द क्रेडल' नावाचं छोटं मैदान झालं. नऊ होल मिळून ७८९ यार्ड, म्हणजे साधारण ७२० मीटर, आणि जागा सुमारे १० एकर. तुमच्या आठ एकरांतून गाड्यांची जागा, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी आणि हद्दीलगत मोकळी सोडायची पट्टी वजा करा. उरलेल्या जागेत नऊ होल कोंबले तर एका होलवरचा चेंडू दुसऱ्या होलवरच्या मुलाच्या अंगावर जाणार.

सहा होलही सलग आखू नका. तीन-तीनच्या दोन फेऱ्या करा आणि दोन्ही फेऱ्या फाटकापाशी येऊन संपू द्या. सहा वर्षांचं मूल तिसऱ्या होलनंतर 'आता घरी जाऊया' म्हणतं. तेव्हा फाटक जवळ असलं पाहिजे, नाहीतर आईवडील पुन्हा यायचं नाव घेणार नाहीत.

होलची लांबी ठरवताना मोठ्या माणसाचा फटका डोळ्यांसमोर ठेवू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाने चांगला टोला मारला तरी चेंडू तीस-चाळीस मीटर जातो, आणि त्यातलं बरंचसं अंतर तो जमिनीवरून घरंगळत कापतो. म्हणून मुलांचा टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, ग्रीनपासून, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून, तीस ते पन्नास मीटरवर ठेवा आणि मोठ्यांचा त्याच रेषेत मागे, सत्तर ते नव्वद मीटरवर. बाप आणि मुलगी एकाच ग्रीनकडे खेळतात आणि दोघांनाही तीन फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालायचा असतो. ग्रीनचं तोंड मोकळं राहू द्या. तिथं वाळूचा बंकर टाकला तर घरंगळत आलेला प्रत्येक चेंडू त्यात अडकेल आणि मुलं रडकुंडीला येतील. बंकर हवाच असेल तर एखादा कडेला असू द्या, वाळू मुलांना आवडते. तळं मात्र एकही नको.

दिशाही बघा. कुटुंबं संध्याकाळी येणार, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड करून खेळायचे होल कमीत कमी ठेवा. मावळतीचं ऊन डोळ्यांवर आलं की चेंडू कुठं गेला ते मुलांना दिसत नाही.

मुरूम ही तुमची जमेची बाजू आहे, कारण पाणी झिरपून जातं. मात्र आराखडा काढणाऱ्याला पैसे देण्याआधी मोजणी करून घ्या, झोन दाखला काढा, बिगरशेतीची परवानगी मिळेल का ते विचारा आणि सगळ्या भावांची संमती कागदावर घ्या. हे शेवटचं काम आधी करा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

आमची तीन एकर नदीकाठाला आहे. पुराचं पाणी येतं आणि जातं. हरळी तर काही केल्या मरत नाही. मग गवताचं मैदान तिथंच का करू नये?
(एक शेतकरी, वडणगे)

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. उष्ण प्रदेशांतल्या गोल्फ मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात ते आपली हरळीच आहे. ग्रीनवर लावतात त्या टिफड्वार्फसारख्या बुटक्या संकरित जाती तिच्यापासूनच तयार झाल्या. उसातून तुम्ही जी वर्षानुवर्षं खणून काढता तिच्यासाठी मैदानवाले पैसे मोजतात. थोडे दिवस पाण्याखाली राहूनही ती पुन्हा फुटते.

अडचण गाळाची आहे. पाणी ओसरल्यावर ग्रीनवर गाळाचा थर बसतो, त्याखाली बारीक कापलेलं गवत गुदमरतं, आणि वाळूच्या थरातून निचरा व्हावा म्हणून केलेला सगळा खर्च त्या गाळाने वाया जातो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी पन्नास फुटांच्याही वर गेलं होतं, हे वडणगेकरांना मी सांगायला नको. पूररेषेच्या आत बांधकामावर बंधनंही येतात.

त्यामुळे तिथं पक्कं काही करू नका. दिवाळी झाली की आहे तीच हरळी छाटा, चार-पाच ठिकाणी ती आणखी बारीक कापून गोल ग्रीन तयार करा, त्यात चेंडू पडायचे कप पुरा, काठ्यांना झेंडे लावा आणि मेअखेर सगळं उचलून घरी न्या. वर्षातले सहा महिने खेळायला मिळतील आणि पुरात वाहून जाण्यासारखं काही उरणार नाही. नदी लागूनच आहे, म्हणून तणनाशक आणि रासायनिक खत अजिबात नको.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पाणी नीट येत नाही. अशा शहरात खेळाच्या गवताला पाणी घालणं पटत नाही.
(एक वाचक, शिवाजी पेठ)

पिण्याचं पाणी गवताला घालणं मलाही पटत नाही. एक थेंबही घालू नये. पण हिशेब मांडून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरव्या गवताला रोज पाच मिलिमीटर लागतं असं धरू. आठ एकर सरसकट हिरवे ठेवायचे तर रोज दीड लाख लिटरच्या वर पाणी जाईल, आणि ते कुणालाच परवडणारं नाही. पण दोनशे चौरस मीटरचे सहा ग्रीन आणि सहा छोटे टी मिळून दीड हजार चौरस मीटर होतात. त्यांना साडेसात हजार लिटर पुरतात, म्हणजे एका मोठ्या टँकरहूनही कमी.

बाकी माळ एप्रिलमध्ये पिवळा पडू द्या. हरळी वाळल्यासारखी दिसते पण मुळात जिवंत असते, वळवाच्या दोन सरी झाल्या की पुन्हा हिरवी होते. पिवळ्या, टणक जमिनीवर मुलांचा चेंडू उलट लांब जातो, म्हणून मला ते मैदान जास्त आवडतं. ग्रीनसाठी कसबा बावड्यासारख्या केंद्रात प्रक्रिया झालेलं सांडपाणी मिळवता येईल का ते महापालिकेला विचारावं, किंवा पावसाळ्यात भरणारं शेततळं खोदावं. शेततळं खेळाच्या हद्दीबाहेर असावं आणि त्याला चहूबाजूंनी कुंपण असावं. बारा महिने सगळं हिरवंगार हवं असा आग्रह धरणाऱ्या आराखड्याला कोल्हापूरकरांनी स्पष्ट नकार द्यावा.

मुलगी सात वर्षांची आहे. चेंडू लागण्याची भीती वाटते. शेजारच्या काकांनी त्यांचा जुना सेट देऊ केलाय, काठ्या कापून तिला देऊ का?
(एक आई, ताराबाई पार्क)

ताई, चेंडूची भीती रास्त आहे. ४६ ग्रॅमचा तो कडक चेंडू जोरात लागला तर इजा होते. पण मुलांच्या गोल्फमध्ये त्याहून मोठा धोका क्लबचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठीचा असतो. एक मूल क्लब फिरवतं, दुसरं मागून बघायला जवळ येतं आणि लोखंडी डोकं त्याच्या कपाळावर बसतं. त्यासाठी प्रत्येक टीवर जमिनीत दोरीचं किंवा चुन्याचं रिंगण करावं आणि त्यात एका वेळी एकच मूल उभं राहील हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. मुलं तो पटकन पाळतात. मोबाइलवर फोटो काढायला रिंगणात शिरणारे आईबाबाच तो मोडतात, तेव्हा तुम्हीही लक्ष ठेवा.

आठ वर्षांपर्यंत फोमचा चेंडू वापरला तरी चालतो. आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग गडगडले की खेळ तिथेच थांबवून आडोशाला जायचं, तेही झाडाखाली नव्हे, पक्क्या इमारतीत किंवा गाडीत. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. उघड्या माळावर हातात धातूची काठी धरून उभं राहायचा हा खेळ आहे, तिथं ही शिस्त मोडून चालत नाही.

काकांचे आभार माना, पण काठ्या कापू नका. मोठ्यांच्या क्लबचा दांडा कापला की तो आणखी ताठ होतो आणि खालचं डोकं तेवढंच जड राहतं. ते उचलायला मूल पाठ वाकवून झोका देतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. मुलांचे क्लब हलके असतात आणि उंचीप्रमाणे निवडायचे असतात. नियमाने १४ क्लब बाळगता येतात, पण तुमच्या मुलीला तीन पुरे : ग्रीनवर चेंडू घरंगळवायला एक पटर, लांब फटक्याला एक सात नंबरची आयर्न आणि जवळून चेंडू उंच उचलायला एक वेज. तेही विकत घ्यायची वेळ येऊ नये. मूल वर्षा-दीड वर्षात वाढतं आणि क्लब आखूड पडतात, म्हणून मैदानानेच उंचीवार क्लब ठेवावेत आणि तिकिटातच द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या सोसायटीत दहा गुंठे मोकळी जागा आहे. एवढ्यात काही होईल?
(सचिव, आर. के. नगर)

पटिंग ग्रीन, म्हणजे चेंडू नुसता घरंगळवत खड्ड्यात घालायची हिरवळ होईल, आणि उत्तम होईल. अठरा होलच्या ७२ पारच्या (पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागतील असे धरलेले फटके) मैदानात ३६ फटके पटिंगचे धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ ग्रीनवरच असतो. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला महिलांचा पटिंग क्लब १८६७ पासून आहे. 'हिमालयाज' नावाच्या त्यांच्या उंचसखल हिरवळीवर आजही लहानथोर सगळे थोड्या पैशांत खेळतात. तुम्ही चार गुंठ्यांत तशी लहानमोठी उंचवट्यांची हिरवळ करा, बाकी जागा झाडांना आणि बाकांना ठेवा. रोज येणारा माळी असेल तर हरळी लावा, नसेल तर कृत्रिम गवत घाला. ते उन्हात फार तापतं, त्यामुळे खेळ सकाळ-संध्याकाळच. लांब टोले मारायला मात्र सक्त मनाई ठेवा, आजूबाजूला खिडक्या आहेत.

शाळेत एका तासाला पंचेचाळीस मुलं असतात. मैदान होईपर्यंत काय करू?
(क्रीडाशिक्षक)

चुन्याची वर्तुळं, टेनिसचे चेंडू आणि प्लास्टिकचे क्लब. नऊ वर्तुळांवर पाच-पाच मुलं उभी करा, एक खेळेल, एक गुण लिहील, बाकीची रिंगणाबाहेर थांबतील. एका होलवर सहा फटके झाले की चेंडू उचलायचा. यामुळे कुणी मागे रखडत नाही.

कोल्हापूर कुस्तीचं आणि फुटबॉलचं. गोल्फ पैसेवाल्यांचा खेळ. नातवंडांना तिकडं कशाला न्यायचं?
(एक आजोबा, मंगळवार पेठ)

आजोबा, खासबागेचं मैदान आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी हीच माझी आशा आहे. खेळावर असं प्रेम करणारं गाव मिळायला भाग्य लागतं. नेमबाजीही महागडी म्हणूनच ओळखली जायची, तरी याच जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे दिले. गोल्फमध्ये बंगळूरची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं. चिक्करंगप्पा तर कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या क्लबची पिशवी वाहायचं काम करत करत व्यावसायिक खेळाडू झाला. ज्या मुलांना मैदान जवळ मिळालं, त्यांनी खेळून दाखवलं.

पैसेवाल्यांचा हा शिक्का पुसायचा तर मैदानाने काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवाव्या लागतील. सभासदत्व नको, तिकीट फेरीपुरतं. मोठ्या माणसाबरोबर मूल फुकट. कपड्यांचे नियम नकोत, पायात बूट असले की झालं. पाट्या मराठीत. स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बर्विकला मुलांसाठी वेगळं मैदान आहे, तिथं मोठ्या माणसाला मुलाला सोबत घेतल्याशिवाय खेळता येत नाही. हा नियम मला फार आवडतो. आजोबांनी नातवंडांना आणण्याऐवजी नातवंडं आजोबांना घेऊन येतील.

आणि फुटबॉल सोडायची गरजच नाही. फुटगोल्फ नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू फुटबॉलचा, टोला पायाने आणि खड्डा सुमारे २१ इंच रुंद. गोल्फचा कप सव्वाचार इंचांचा असतो. ग्रीनपासून दूर, कडेला असे सहा खड्डे केले की पेठांतली पोरं रविवारी सकाळी येतील, ग्रीन सुरक्षित राहतील आणि मैदानाचा खर्चही निघायला लागेल. तुमच्या पेठेच्या संघातल्या मुलांना विचारून बघा.

काम कधी सुरू करावं?
(दोन-तीन वाचकांनी विचारलं आहे)

या पावसाळ्यात फक्त बघा. जुलैच्या जोराच्या पावसात जागेवर जाऊन पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, कुठं ओघळ पडतात, त्याचे फोटो काढा आणि खुंट्या मारून खुणा करा. आखणी त्यावरून ठरवा. मातीकाम जानेवारी ते एप्रिलमध्ये उरका. हरळीच्या काड्या मेच्या मध्याला लावून पाणी द्या, म्हणजे मोठा पाऊस लागायच्या आत मुळं धरतील. जूनअखेर लावल्या तर उतारावरून मातीसकट वाहून जातात. मग दिवाळीच्या सुट्टीत मुलांना पहिल्या फेरीला बोलवा.