तिरळेपणाच्या ऑपरेशनआधी मण्यांची दोरी कशासाठी?

तू वय २६ लिहिलं आहेस, मी ४१ ची, याच ऑपरेशनातून गेलेली, तेव्हा सरळ एकेरीत लिहिते. तुझा प्रश्न मला समजला तो असा: थकलीस की डावा डोळा बाहेर सरकतो, डॉक्टरांनी ४० प्रिझमचा (डोळा किती वळलाय ते मोजायचं हे माप) तिरळेपणा सांगितलाय, ऑपरेशन अडीच महिन्यांवर आहे आणि तोवर रोज मण्यांची दोरी आणि पेन्सिलचे व्यायाम करायचे आहेत. डॉक्टर स्नायूच हलवणार असतील तर आधी ही मेहनत कशाला, आणि मन लावून केली तर ऑपरेशन टळेल का? शिवाय मण्याकडे बघताना दोन दोऱ्या दिसायला हव्यात तिथे तुला एकच दिसते, आपलं काहीतरी चुकतंय असं वाटतं, म्हणून चार दिवस तू ती हातातच घेतलेली नाहीस.

आधी दोरीबद्दल. तुझं काहीही चुकत नाहीये. दोरी एकच दिसणं हीच तुझ्या डोळ्यांची खरी गोष्ट आहे आणि ती समजली की बाकी सगळं समजेल.

एक करून बघ. पेन्सिल नाकासमोर वीतभर अंतरावर उभी धर आणि नजर मात्र समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर ठेव. दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर कॅलेंडर एक दिसतं आणि पेन्सिली दोन. आता नजर पेन्सिलवर आण, पेन्सिल एक होते आणि कॅलेंडर दोन. आपण जिथे बघतो तेवढी जागा एक, बाकी पुढचं-मागचं सगळं दुहेरी, हे निरोगी नजरेत चोवीस तास चालू असतं, लोकांच्या लक्षात येत नाही इतकंच. तुझा डावा डोळा बाहेर गेला की त्याच्याकडून मेंदूला भलतंच चित्र येतं. गोंधळ नको म्हणून मेंदू ते चित्र बंद करून टाकतो. लहानपणीच ही युक्ती तो शिकलेला असतो, म्हणून तुला डबल दिसत नाही आणि डोळा सरकल्याचं कळतही नाही. आई सांगते, किंवा फोटो सांगतो.

मण्यांची दोरी नेमकी हे बंद पडलेलं चित्र पकडते. फ्रेडरिक ब्रॉक या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकन ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे नजर तपासणाऱ्या तज्ज्ञाने, ती काढली, त्याला स्वतःला तिरळेपणा होता. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाच्या शेंड्याला आणि मध्ये तीन मणी. मधल्या मण्याकडे बघितलं की मणी एक दिसायला हवा आणि दोरी दोन, त्या दोन्ही बरोबर मण्यात एकमेकींना छेदून फुलीसारख्या दिसतात. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे पुरेसे आत वळलेले नाहीत, अलीकडे पडली तर जास्त वळलेत. आणि एक दोरी गायबच झाली तर त्या क्षणी एक डोळा मेंदूने बंद केलाय. म्हणजे ही दोरी तुला दर सेकंदाला खरं सांगते. जे आरशात दिसत नाही ते ती दाखवते.

मला पहिले बारा दिवस एकच दोरी दिसली. मग एका संध्याकाळी दुसरी उमटली, फिकट, धुरासारखी, आणि पापणी लवली तशी गेली. मी जागेवरून उठले नाही, पुन्हा येईल म्हणून बसून राहिले. ती परत आणायच्या युक्त्या मला थेरपिस्टने शिकवल्या होत्या. दोरी बोटाने टिचकी मारून हलवायची, कारण हलती वस्तू मेंदूला पटकन बंद करता येत नाही. भराभर पापण्या मिटायच्या. पांढरी दोरी आणि मागे गडद पडदा. आणि उजव्या, म्हणजे जोरदार डोळ्यापुढे लाल काच, म्हणजे दुबळ्या डोळ्याचं चित्र त्यामानाने उजळ होतं. काच मात्र थेरपिस्टने दिली तरच वापर. माझी दोरी ठाण्यातल्या जांभळी नाका बाजारातून आणलेल्या मण्यांची होती, चांगले सुपारीएवढे मणी घे, बारीक मण्यांवर सुरुवातीला नजर ठरत नाही. विकतची हवीच असं काही नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. तुझ्यासारख्या बाहेर जाणाऱ्या डोळ्यात सर्जन सहसा बाहेरचा स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतात, किंवा त्याच्या जोडीला आतला थोडा आखूड करतात. याने डोळ्याची विसाव्याची जागा बदलते. पण दोन चित्रांचं एक करणं आणि ते धरून ठेवणं हे मेंदूचं काम, ते टाक्यांनी होत नाही. मेंदूला दुसरं चित्र बंद करायची सवय तशीच राहिली तर सरळ केलेल्या डोळ्याला सरळ राहण्याचं कारणच उरत नाही, तो हळूहळू पुन्हा सरकू शकतो. अमेरिकेतल्या सुसान बॅरी या मेंदूशास्त्रज्ञ बाईंची गोष्ट यासाठीच मला महत्त्वाची वाटते. लहानपणी तीन ऑपरेशनं होऊन त्यांचे डोळे दिसायला सरळ झाले होते, पण खोली, म्हणजे थ्रीडी, दिसत नव्हती. ती दिसायला लागली वयाच्या ४८ व्या वर्षी, व्हिजन थेरपी, म्हणजे डोळ्यांचे असेच व्यायाम, घेतल्यावर. प्रत्येकाला असं होईलच असं नाही, पण सरळ डोळे आणि एकत्र बघणारे डोळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून कळतं.

ऑपरेशन टळेल का, याचं उत्तर तुझ्या बाबतीत मला 'नाही' असंच वाटतं. ४० प्रिझम म्हणजे एक मीटरवर डोळा ४० सेंटिमीटर बाजूला बघतोय, साधारण २२ अंश. एवढं अंतर दिवसभर नुसत्या जोरावर ओढून धरणं म्हणजे हातात भरलेली बादली घेऊन दिवस काढणं. व्यायामाचा पक्का पुरावा आहे तो वेगळ्या त्रासाला, जवळचं वाचताना डोळे आत वळायला कमी पडतात त्याला. २००८ साली अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर १२ आठवड्यांचा मोठा अभ्यास झाला. त्यात थेरपिस्टसमोर बसून आणि घरीही व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्के सुधारले, फक्त घरी पेन्सिल करणाऱ्यांपैकी ४३ टक्के. यातून एक गोष्ट मात्र आपल्यालाही घेता येते: समोर कोणीतरी चुका दाखवणारं असेल तर फरक पडतो. म्हणून आठवड्याची भेट चुकवू नकोस, घणसोलीहून ठाण्याला यायला लागलं तरी ये. मी स्वतः मोबाइलवरचे व्हिडिओ बघून आठ महिने घालवले, शिवाय 'ऑपरेशनशिवाय हमखास' म्हणणाऱ्या एका क्लिनिकमध्ये पैसे भरले. डोळा होता तिथेच राहिला आणि डोकेदुखी वाढली, त्या आठ महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं. आमच्याकडे आजी म्हणायची, तिरळं मूल भाग्याचं असतं, त्यामुळे लहानपणीही कोणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. इतका वेळ आधीच गेलेला होता.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगते आणि ती कृपा करून नीट वाच, इतर वाचणाऱ्यांनीही. बंद पडलेलं चित्र चालू करण्याचे हे व्यायाम सगळ्यांसाठी नाहीत. तुझा डोळा कधी सरळ असतो, कधी जातो, म्हणजे मेंदूला एकत्र बघणं बहुधा येतं. पण ज्यांचा डोळा तान्हेपणापासून कायमच वळलेला आहे, त्यांच्यातल्या काहींचा मेंदू दोन चित्रं जोडूच शकत नाही. त्यांनी घरच्या घरी दुसरं चित्र जागं केलं तर डबल दिसायला लागतं आणि ते पुन्हा बंद होईलच याची खात्री नसते. म्हणून आधी तपासणी. क्लॉड वर्थ या इंग्लंडच्या डॉक्टरांच्या नावाने चार दिव्यांची एक सोपी चाचणी आहे, एका डोळ्यावर लाल आणि एकावर हिरवी काच. चार दिवे दिसले तर दोन्ही डोळे जोडीने काम करतायत, दोन किंवा तीनच दिसले तर एक डोळा बंद, पाच दिसले तर डबल. जवळून आणि लांबून दोन्हीकडे करायला सांग. तुझ्या पोस्टमध्ये तिचा उल्लेख नाही. ती झालेली नसेल तर दोरीच्या आधी ती.

आणि कोणाला अचानक, मोठेपणी, डबल दिसायला लागलं, पापणी खाली आली किंवा एक बाहुली मोठी दिसली तर व्यायामाचा विचारही करायचा नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

किती करायचं? मला सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं सांगितलं होतं, तुझा आकडा तुझ्या थेरपिस्टचा. पेन्सिलच्या टोकाऐवजी तिच्यावर बारीक अक्षर चिकटव, ते स्पष्ट ठेवत नाकाकडे आण, दोन झालं की थांब, पुन्हा एक कर, मग मागे ने. प्रत्येक फेरीनंतर लांब बघायचं. माझ्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, तुला पारसिकचा दिसत असेल. हे विसाव्याचं बघणं व्यायामाइतकंच गरजेचं आहे. ते टाळून सलग ओढत बसलं की कपाळ ठणकतं आणि दुसऱ्या दिवशी हात दोरीकडे जात नाही.

मला व्यायामातून जे मिळालं ते आरशात दिसण्यासारखं नव्हतं. सहाव्या आठवड्यात ठाणे-वाशी लोकलमध्ये बसले होते, रबाळे गेलं, बाहेर लख्ख ऊन, आणि माझा डोळा सरकल्याचं मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता. दाराशी उभी असलेली बाई एकाच्या दोन झाली, मी नजर आवळली, ती पुन्हा एक झाली. त्याआधी उन्हात मी नुसता एक डोळा मिटून घ्यायचे, तूही मिटत असशील. डबल दिसलं म्हणून घाबरायचं नसतं हे मला तेव्हा समजलं. तो मेंदूने झाकलेला डोळा उघडल्याचा पुरावा होता. तरीही डबल दिसणं व्यायाम थांबवल्यावरही टिकून राहिलं तर थेरपिस्टला त्याच दिवशी कळव.

ऑपरेशनआधीच्या मोजमापाबद्दल. सर्जनना तुझे व्यायाम चालू आहेत हे सांग, कारण सराव झालेली माणसं तपासणीत नकळत डोळा सरळ धरून ठेवतात आणि कोन कमी मोजला जातो. मला सर्जननी सांगितलं, परीक्षेला बसल्यासारखे डोळे धरू नका, सोडून द्या. तासभर एक डोळा पट्टीने झाकून ठेवला आणि मग लांबचं बघायला लावलं. पट्टीआधी ३० प्रिझम होते, पट्टीनंतर ३८. ऑपरेशन ३८ धरून झालं. तुझे ४० पट्टीआधीचे की नंतरचे, हे विचारून घे.

मेडिक्लेमबद्दल एवढंच: माझा अर्ज पहिल्यांदा 'सौंदर्यासाठी' म्हणून परत आला होता. एकत्र बघण्याची क्षमता आणि डबल दिसणं याचा उल्लेख असलेलं डॉक्टरांचं पत्र जोडल्यावर मंजूर झाला. ते पत्र आधीच घेऊन ठेव.

ऑपरेशननंतर पहिला आठवडाभर माझा डोळा किंचित आत होता आणि लांबचं डबल दिसत होतं. बाहेर जाणाऱ्या डोळ्यात सर्जन पुष्कळदा मुद्दामच थोडं जास्त करतात, कारण पुढे तो बाहेरच्या बाजूला सरकतो. नवव्या दिवशी ते गेलं. त्या दिवसांत आपल्या मनाने पेन्सिल सुरू करायची नाही, आधीच आत असलेल्या डोळ्याला आणखी आत ओढणं होतं ते. जिने उतरताना कठडा धर, ठाणे स्टेशनच्या गर्दीत दोन आठवडे जाऊ नकोस, दुचाकी तर नाहीच. लाली तीनेक आठवडे राहिली.

दोरी मला पाचव्या आठवड्यात पुन्हा मिळाली. पहिल्याच दिवशी दोन्ही दोऱ्या दिसल्या, मण्यात फुली, धूर नाही, दोन्ही सारख्या ठळक. पुढच्या तपासणीत थ्रीडी दिसतं का ते बघणारी माशीच्या चित्राची चाचणी झाली, खास चष्मा लावून पंख चिमटीत पकडायचे. माझी चिमूट कागदाच्या वर हवेत थांबली. आज पाच वर्षांनी ताप आला किंवा रात्री उशीर झाला तर डोळा अजून थोडा ढिला पडतो, तेव्हा आठवडाभर दोरी काढते.

चार दिव्यांची चाचणी झालेली असेल तर आज संध्याकाळी दोरी बांध. एकच दिसली तरी दहा मिनिटं बस, टिचकी मारत राहा. चार दिव्यांच्या चाचणीत जवळून किती आणि लांबून किती दिसले ते इथे लिही, मग पुढचं बोलू.