रेट लिमिट असतानाही एकाच रिक्वेस्टने सर्व्हर कसा अडकतो?

फायरवॉल आणि रेट लिमिट दोन्ही असताना फॉर्मचा डेटा वाचणाऱ्या लायब्ररीतील ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ (सर्व्हर कामात अडकवून सेवा बंद पाडणाऱ्या) दोषाची धास्ती कशासाठी, असे आपण विचारले आहे. रेट लिमिट (ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट येऊ द्यायच्या याची मर्यादा) रिक्वेस्ट मोजते; एकेका रिक्वेस्टमागे सीपीयूला किती राबावे लागेल, हे तिला कळत नाही.

महाप्यात नोकरीला असताना आमचा नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) सर्व्हर एका दुपारी असाच गोठला. हल्ला झाला म्हणून आम्ही लॉग उपसले, तर हल्लेखोर निघाल्या वागळे इस्टेटमधल्या ग्राहक कार्यालयातील एक बाई. त्यांनी जुन्या सॉफ्टवेअरमधून कॉपी केलेल्या पत्त्यात ‘रोड नं. १६’ आणि ‘ठाणे ४००६०४’ यांच्यामध्ये सुमारे ३० हजार स्पेस होत्या. शेवटच्या स्पेस काढणारा आमचा रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणारे सूत्र) त्यांतल्या प्रत्येक स्पेसपासून नव्याने सुरुवात करी आणि पुढे ‘ठा’ लागताच माघार घेई. म्हणजे एका पत्त्यासाठी सुमारे ४५ कोटी तुलना. पान हलेना म्हणून बाईंनी बटण आणखी चार वेळा दाबले, आणि तेही रेट लिमिटमध्ये बसले. २०१६ च्या जुलैमध्ये प्रोग्रामरांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटे बंद पडले, तेही अशाच रेजेक्समुळे. तिथे २० हजार स्पेस पुरल्या होत्या.

लायब्ररीतला दोष याहून वाईट, कारण तुमचा कोड चालू होण्याआधीच पार्सर (आलेला डेटा फोडून वाचणारा भाग) कामाला लागलेला असतो. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दाखवण्यात आले की, एकाच हॅशवर (नावावरून काढलेल्या, कप्पा ठरवणाऱ्या आकड्यावर) पडतील अशी हजारो फील्डनावे पाठवली, तर पीएचपी, जावा, एएसपी डॉट नेट अशा अनेक मंचांवर ती टेबलच्या एकाच कप्प्यात साचतात आणि प्रत्येक नवे नाव आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहावे लागते. रिक्वेस्टच्या बॉडीचा (तिच्यातल्या डेटाचा) आकार मर्यादित ठेवणे इथे पुरत नाही, कारण १ एमबीत अशी नावे भरपूर मावतात. म्हणूनच पीएचपीने ५.३.९ मध्ये फील्डच्या संख्येवरच १,००० ची मर्यादा घातली. ती गैरसोयीची वाटली म्हणून वाढवून ठेवणारे मी पाहिले आहेत.

प्रॉक्सीच्या (सर्व्हरपुढे बसून रिक्वेस्ट आत धाडणाऱ्या मध्यस्थाच्या) टाइमआउटवरही विसंबू नका: वापरकर्त्याला ५०४ (वेळ संपल्याचा एरर) दिसतो, पण मागे नोडचा जावास्क्रिप्ट चालवणारा एकमेव थ्रेड (कामाचा धागा) तेच काम रेटत राहतो. लायब्ररी अद्ययावत ठेवाच, शिवाय फील्डची संख्या, एकेका फील्डची लांबी आणि जेसनची (डेटा पाठवण्याच्या एका स्वरूपाची) एकात एक रचनेची खोली यांवर मर्यादा घाला. आम्ही पत्ता ५०० अक्षरांवर, रेजेक्सच्या आधीच, अडवला आणि रेजेक्सच्या जागी कडेच्या स्पेस काढणारे भाषेतलेच ट्रिम वापरले.