शेठ ‘बघू ना भो’ म्हणतात तेव्हा

दादा, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात साडेचार वर्षं ऑपरेटर आहात, पगाराचा विषय काढला की शेठ ‘बघू ना भो, दिवाळी होऊ द्या’ म्हणतात, आणि आता राजीनामा टाकावासा वाटतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी याच भागात बरीच वर्षं पगारपत्रकं केली, म्हणून टेबलाच्या पलीकडचं सांगतो.

तोंडी बोललेलं आमच्यापर्यंत येतच नाही. शेठ गाडीत बसता बसता ‘हो हो’ म्हणतात, विषय संपला. अर्ज आला की मात्र तो फायलीला लागतो, आणि पगार काढताना ‘याचं काय करू?’ हे आम्हाला विचारावंच लागतं. तेव्हा एक पानाचा अर्ज द्या. घरखर्च, पोरांची फी यातलं काही नको. फी शेठलाही भरावी लागते. लागलात तेव्हा किती मशीन होत्या, आज किती सांभाळता, नवीन पोरांना कोण शिकवतं, रात्रपाळीत मशीन बंद पडली की फोन कोणाला येतो, हे लिहा. खाली रक्कम आणि कोणत्या महिन्यापासून, तेही. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरतं. कारखान्यात तशी तारीख नसते, आपणच मागायची. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

किमान वेतनाच्या वर वाढ द्याच, असं कायदा म्हणत नाही. पण तेवढं तरी मिळतंय का बघा. त्यातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे बदलणारा भाग, जानेवारीत आणि जुलैत बदलतो, पगारपत्रकात कितीदा जुनाच आकडा चालू असतो. कुशल कामगाराला अर्धकुशल दाखवणं हेही नेहमीचंच. जादा तासांचा दर दुप्पट. यात खोट निघाली तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, पण आधी शेठला दाखवा. बरेचदा तिथेच मिटतं.

राजीनामा आत्ता अजिबात नको. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, लागू होते: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, असं दर वर्षाचं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल तर वर्षाला ७,५००, पाच वर्षांचे ३७,५००. सहा महिन्यांसाठी एवढे पैसे कोण सोडतं?

तोवर दुसरीकडे गुपचूप चाचपणी करा. मात्र हातात पत्र नसताना ‘मला दुसरीकडे जास्त देतायत’ म्हणू नका. इथले कारखानदार एकमेकांना ओळखतात, एका फोनवर खरंखोटं कळतं.

आणि पीएफचं पासबुक आजच उघडून बघा. पगारातून कापलेले पैसे दर महिन्याला जमा झालेत ना?