लेक एटीसीत लागली अन् वडिलांची झोप उडाली

"पोराच्या हातून चूक झाली तर?" ही काळजी माझ्याकडं सांगलीत बरेच पालक घेऊन येतात, कुणाची मुलगी नर्स, कुणाचा मुलगा एसटीत ड्रायव्हर. तासगावकडच्या एका काकांची मुलगी एअर ट्रॅफिक कंट्रोलर (एटीसी), म्हणजे जमिनीवरून विमानांना मार्ग आणि उंची सांगणारी झाली (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). काका रात्र रात्र विमान अपघातांचे व्हिडिओ बघायचे आणि नाईट ड्युटी संपली की लगेच तिला फोन, "सगळं नीट झालं ना?"

काकांच्या सारखं मनात यायचं ते हरियाणातलं चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६, आकाशात दोन विमानं धडकली, ३४९ माणसं गेली. मी म्हटलं काका, पूर्ण वाचलंय का? दिल्लीच्या कंट्रोलरनं कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलेलं, समोरून सौदीचं विमान १४ हजारावर येतंय हेही सांगितलेलं, तरी ते खाली उतरलं. आणि तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती, म्हणजे चूक पकडणारं दुसरं कुणी नव्हतंच. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा विमानात सक्तीची झाली, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्गही वेगळे केले.

"काही होणार नाही" असं मी त्यांना म्हटलं नाही, ते खोटं ठरलं असतं आणि काकांना ते लगेच कळलंही असतं. माणूस चुकतो, हे धरूनच ते काम रचलेलं असतं. पुढच्या वेळी लेक सोबत आली, तिलाच सांगायला लावलं. ती म्हणाली, "पप्पा, मी उंची सांगितली की पायलट तोच आकडा परत म्हणून दाखवतो, मी ऐकते, चुकीचा म्हणाला तर तिथंच सुधारते. आणि विमानातल्या यंत्रानं वर जा म्हटलं अन् मी खाली म्हटलं, तर पायलटनं यंत्राचं ऐकायचं, माझं नाही." हा नियम २००२ साली जर्मनीत युबरलिंगनला दोन विमानं धडकून ७१ माणसं गेल्यावर ठाम झाला, त्या रात्री कंट्रोलर एकटाच दोन जागा सांभाळत होता. काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजे हिच्या एकटीवर नाही सगळं."

मला खरी काळजी वाटली ती फोनची. नाईट करून आलेल्या पोरीची झोप मोडणं हाच तिच्या कामातला धोका, थकलेल्या माणसाला आकडा चुकीचा ऐकू येतो. म्हणून ठरलं, नाईटनंतर काकांनी फोन करायचा नाही, ती उठल्यावर स्वतः करेल, आणि काकांनी चुकीबद्दल विचारायचं नाही, जेवलीस का, झोप झाली का एवढंच विचारायचं. पहिला आठवडा त्यांना फार जड गेला, फोन काकूंकडं देऊन ते बागेत जायचे.